कांदा-लिंबाचा दंड

अकरा जानेवारी, शनिवार. एकूण रक्कम एक हजार सातशे एक्कावन्न रुपये. त्यातले सतराशे आम्हा दोघांच्या जेवणाचे आणि एक्कावन्न दंडाचे. हजर: मी, माझी बायको, मुंबईहून रेवसला बोटीने उतरलेलं एक जोडपं, बंगल्यांची राखण करणारे दोघे भाऊ, अलिबागचे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची आई. झाले आठ. नववी खुर्ची तिथे नव्हतीच.

दंड माझ्या बायकोला झाला होता. तिने एवढंच विचारलं, "दादा, जरा कांदा-लिंबू मिळेल का?"

ओट्यापलीकडचा माणूस थांबला. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उचलून तिच्यासमोर आणून ठेवला.

"एक्कावन्न."

"कशाचे?"

"कांदा मागल्याचे. गावदेवीला जातात, माझ्या खिशात न्हाय."

"मासा आहे ना हा? मग माशावर लिंबू का नाही?"

"बाय, तू किनाऱ्यावर जातेस. दर्यावर लिंबू पिळतेस काय?"

दातांच्या डॉक्टरांची आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बायकोने पर्समधून पन्नासची नोट काढली, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि डब्यात टाकलं. मग तिने तो मासा खाल्ला. सुरमईचा गार तुकडा, खाली बोटभर कोमट भात, त्यात आंबटाची नुसती चाहूल. ताटलीत काही उरलं नाही. पण घरी येताना वाडीतल्या अंधाऱ्या वाटेवर म्हणाली, "पुढच्या शनिवारी जायचं. पण ते एक्कावन्न रुपये मी विसरणार नाही."

आम्ही तेव्हा किहीमला राहत होतो. माझं काम हिशेब तपासण्याचं. दोन-तीन पतसंस्था आणि काही दुकानं माझ्याकडे होती. आमच्या कुंपणाला लागूनच हे जपानी हॉटेल. किहीममध्ये जपानी हॉटेल म्हटल्यावर लोकांना वाटतं, कोणा मुंबईवाल्याने बंगल्यात थाटलं असेल. तसं काही नव्हतं. मालक इथलेच, आगरी, मिठागरवाल्यांच्या घरातले. जहाजावर खलाशांचं जेवण करायला म्हणून गेले, ते बावीस वर्षं जपानी मालकांच्या जहाजांवर राहिले. तिथल्या म्हाताऱ्या मुख्य आचाऱ्याने त्यांना पहिली तीन वर्षं फक्त तांदूळ धुवायला लावले. चौथ्या वर्षी भात शिजवायला दिला. माशाला हात लावायला मिळाला तो सातव्या वर्षी. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे, उलट मान ताठ होई. परत आल्यावर त्यांनी घराची पुढची पडवी मोकळी केली, मोडलेल्या होडीच्या जाड फळीचा लांब ओटा केला आणि समोर आठ खुर्च्या मांडल्या. सगळं गाव त्यांना जपानीदादा म्हणे. आम्हीही तेच म्हणायचो.

दारावर एक निळी पाटी होती, पांढऱ्या जपानी अक्षरांची. गावाला वाटायचं, ते हॉटेलचं नाव. पर्यटकांनी त्या पाटीखाली उभं राहून किती फोटो काढले असतील, मोजदाद नाही. एकदा मुंबईहून एक जपानी बाई जेवायला आल्या. पाटी पाहून त्यांनी तोंडावर हात धरला. मग मोडक्या हिंदीत सांगितलं, ही जहाजाच्या स्वयंपाकघरातली पाटी आहे. हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, असं लिहिलंय. आम्ही सगळे दादांकडे बघायला लागलो.

"मना ठाव हाय की," ते म्हणाले. "मंग? खोटं हाय काय? नाव काय, कायपन ठेवता येतं. हात धुवायलाच लागतात."

त्यांच्याकडे जेवणाचं कार्ड नव्हतं. ठरलेल्या एका होडीवाल्याशी त्यांचा करार होता: मासा जाळ्यातून निघाला की फळीवर तडफडू द्यायचा नाही, तिथल्या तिथे मारायचा, रक्त काढायचं आणि बर्फात घालायचा. त्याबद्दल होडीवाल्याला बाजारापेक्षा जास्त भाव. रेवसच्या धक्क्यावर कोळणी त्यांची थट्टा करायच्या, "आला बग जपानी! आज कोना आठ जनांना उपाशी ठेवनार हायस रं?" ते माशाच्या कल्ल्यात अंगठा घालून उभे राहायचे, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे.

कच्चा द्यायचा मासा आधी कडक थंडीत गोठवून ठेवायचा, हा त्यांचा दुसरा नियम. एका आठवड्यात गावची वीज लागोपाठ दोन दिवस नव्हती. शनिवारी आम्ही आठ जण पोचलो, तर ओट्यावर अंडी मांडलेली. सगळा मासा त्यांनी सकाळीच वाडीत पुरून टाकला होता. त्या दिवशी आम्हाला अंड्याची गोडसर गुंडाळी, भात आणि गरम पाणचट सार मिळालं. इतकं मऊ अंडं मी त्यानंतर कुठेही खाल्लेलं नाही. मी पैसे काढले, तर म्हणाले, "ठेव. आज तू जेवाया न्हाय आलास, माझ्या घरी आलास."

त्यांची काही वाक्यं आमच्या घरात अजून चालतात. मुलगा ताटावरून उठायची घाई करतो तेव्हा बायको म्हणते, "जीभ घाईत असंल तर भाईर बस." आणि आज मासा फार छान झालाय असं कोणी म्हटलं की, "मासा मेला म्हंजी सुटला न्हाय, तवाच त्याची ड्युटी सुरू व्हते."

मलाही एक वाक्य मिळालं होतं. ते बिल तोंडी सांगायचे. एकदा त्यांनी दहा रुपये कमी सांगितले. मी लगेच म्हणालो, "दादा, माकुल माशाचा एक तुकडा धरला नाहीत तुम्ही."

त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "तू जेवताना मोजत व्हतास?"

"सवय आहे."

"मंग चव कवा लागली तुला?"

पुढच्या शनिवारपासून मला त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची दिली, गल्ल्याच्या डब्याजवळची. ओळख करून द्यायचे ती अशी: "हा आमचा हिशेबवाला. ह्याच्या जिभेवर पाढे हायत."

आता भाताविषयी. भात म्हणजे त्यांचं देवघर. तळ्याजवळच्या एका शेतकऱ्याकडून ते आखूड दाण्याचा तांदूळ आणत. तो किती वेळा धुवायचा, किती वेळ निथळायचा, आंबट-मीठ कधी घालायचं, सगळं ठरलेलं. मीठ घरच्या मिठागरातलं. त्या भाताला त्यांच्याखेरीज कोणाचाही हात लागलेला चालत नसे. त्यांची मुलगी अलिबागला एका कंपनीत नोकरी करून शनिवार-रविवारी वाढायला असायची. बायको लवकर गेल्यामुळे दादांचं सगळं जग म्हणजे ही पोर. पण तिलासुद्धा भाताजवळ उभं राहून ताडाच्या पंख्याने वारा घालण्यापुरतीच परवानगी होती. वारा घालता घालता ती आमच्याकडे बघून डोळे फिरवायची.

त्या दंडाला सहा वर्षं होत आली तेव्हा ह्या मुलीचं लग्न ठरलं, पेणकडच्या एका घरात. ट्रकचा मोठा धंदा, मोठं खटलं, माणसं मोकळी. फेब्रुवारीतली तारीख निघाली. तेव्हापासून हळदीपर्यंत आमच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना कोणाला धड झोप लागली नसावी.

ज्यांनी आगऱ्यांची हळद पाहिलेली नाही त्यांना सांगतो, लग्नापेक्षा हळद मोठी. सगळी भावकी, सगळं गाव, मटण, वडे, नाच. नवऱ्याला लावलेली हळद घेऊन त्याच्याकडची मंडळी नवरीच्या दारी येतात, तीही जेवतात. आणि दादांनी जाहीर केलं की हळदीचं जेवण ते स्वतः करणार. जपानी.

मुलगी त्याच संध्याकाळी आमच्या मागच्या दाराने आली आणि माझ्या बायकोजवळ बसून रडली. "काकी, कच्चा मासा नाही देणार म्हणतात, भाताचे गोळे देणार, आत भाजलेला बांगडा. पण लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. सासरी जन्मभर मला कच्चे मासे खाणाऱ्या मांजराची पोर म्हणतील. मला नावाने कोणी हाक मारणार नाही."

"तू सांग ना त्यांना."

"सांगितलं. म्हटलं, बाबा, एकदा तरी लोकांना पाहिजे ते द्या. तर म्हणाले, माझी पोर हाय, माझ्या हातचं खाऊन जाऊ दे लोकांना. मग मी काय बोलणार?"

एका माणसाला मुलीसाठी जगातलं सगळ्यात चांगलं करायचं होतं, आणि त्यानेच तिची मान खाली जाणार होती. आम्हाला दोघंही जवळची. बायकोने मला कामाला लावलं. "तुम्ही निदान हिशेब तरी नीट बघा. कमी पडलं तर वेगळीच शोभा."

मी बसलो. आमंत्रणाची घरं एकशे चाळीस, घरटी दोन माणसं, नवऱ्याकडची साठ. तीनशे चाळीस. माणशी चार गोळे. दादांचे हात मी ओट्यावर बघितलेले होते. मिनिटाला दोन गोळे सहज. पहाटेपासून बसले तर संध्याकाळपर्यंत एकटा माणूस पुरा पडेल. मी त्यांना तसं सांगितलं. ते खूश झाले. "बग, पाढे कामाला आले!"

हळदीच्या दोन दिवस आधी बायको पाण्याच्या टाकीवरून धावत आली. इतक्या घाईत की तिच्या हातात कळशी नव्हती.

"अहो! तुमच्या जपान्याने अख्ख्या गावाला चूलबंद सांगितलंय!"

चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं. दादा अक्षता घेऊन दारोदार फिरले होते. प्रत्येक दारात लोकांनी पोरीचं कौतुक केलं, पाणी दिलं, आणि ह्यांना भरून आलं. मग जे त्यांच्या बापाने, आजोबाने म्हटलं असतं तेच तोंडातून गेलं: चूल पेटवू नका, सगळी या. एकशे चाळीस दारांत.

मी कुंपण ओलांडून गेलो. "दादा, साडेसातशे माणसं होतात."

"व्हय? बरं हाय की."

"तीन हजार गोळे."

"व्हतील."

त्यांनी बांगड्याचा दुसरा टेम्पो सांगितला, तांदूळ दुप्पट आणला. मासा वाढला, तांदूळ वाढला, हात दोनच राहिले.

हळदीच्या दिवशी सकाळी सात वाजता ते मांडवात बसले. मोठमोठ्या परातींत भात पसरलेला, मुलगी नव्या हिरव्या साडीत पंख्याने वारा घालतेय. नवरीने ह्या दिवशी काम करायचं नसतं, पण दुसऱ्या कोणाला त्यांनी पंखाही दिला नव्हता. आठच्या सुमाराला भावकीतल्या बायका आल्या, वीस-पंचवीस जणी. हळदीच्या दिवशी मांडवात बसून वडे थापायचे, हा त्यांचा मान. सोबत धवलारीण, लग्नातली गाणी म्हणणारी म्हातारी. गावातली निम्मी लग्नं हिच्या गळ्याने लागलेली. बायकांनी इकडे-तिकडे बघितलं. पीठ नाही, कढई नाही, नुसता भात.

"आमी काय करायचं रं?" धवलारीण म्हणाली. "नुसती गाणी बोलायची?"

"बसा. च्या प्या. भाताला हात लावू नका."

"हात लावू नका? लगीन हाय का ऑपरेशन?"

बायका हसल्या. दादा उठून परातींसमोर हात पसरून उभे राहिले. मुलगी पंखा हलवत राहिली. पण वारा भातावर जाण्याऐवजी भलतीकडेच जात होता.

मी जवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "दादा, तासात तुमचे शंभर-सव्वाशे झाले. ह्या वेगाने तुम्ही उद्या सकाळी आठला उठाल. पाहुणे आज सहाला येणार."

त्यांनी भाताकडे बघितलं, मग पोरीकडे. तिचा चेहरा त्यांना त्या महिन्यात पहिल्यांदाच नीट दिसला असावा. ते सरळ दारापर्यंत गेले, खिळ्यावरची निळी पाटी काढली आणि मांडवाच्या खांबाला लावली.

"वाचा," बायकांना म्हणाले.

"आमाला मराठी वाचता येत न्हाय, ह्यो कंचा मोडी दाखवतोय?"

"हात धुवा लिवलंय. कोपरापत्तूर."

पंचवीस बायका उठल्या. हौदावर जी झुंबड उडाली, ती बघून मुलं नाचायला लागली. मग त्या परातींभोवती बसल्या आणि दादा शिकवायला लागले. तळवा ओला, मीठ चिमूटभर, दाबायचं पण दाणा मोडायचा नाही. पहिला गोळा बघून ते ओरडले, "अगं लाडू न्हाय गं! लाडू न्हाय!"

धवलारणीने ओल्या हातात भात घेतला, मध्ये बांगडा ठेवला, दोनदा दाबला आणि त्यांच्यापुढे धरला. "ह्यो असा?"

दादा बघतच राहिले. तसाच होता.

"अरं, तुझी आय मिठागरावर ह्योच मुटका न्यायची. मदी सुकट. आमी सगल्या न्यायचो. त्याच्यासाटी तू जपानला गेल्तास व्हय?"

मांडवात असा हशा पिकला की शेजारचे बंगलेवाले गच्चीत आले. दादा आधी लाल झाले. मग त्यांनी तो गोळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि चावता चावता हसायला लागले. खांदे गदागदा हलत होते. "आंबट कमी हाय," एवढंच म्हणाले.

पुढचे पाच-सहा तास मी आयुष्यात विसरणार नाही. गाणी सुरू झाली, हात सुरू झाले, गोळ्यांवर काळ्या शेवाळाच्या पट्ट्या चढायला लागल्या. नवरीला कोणीतरी उठवून आत पाठवलं. दुपारी अडीचला मी मोजणी संपवली: तीन हजार एकशे दहा. मी ओरडून आकडा सांगितला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कुठल्याही बेरजेला आजवर टाळ्या मिळालेल्या नाहीत.

सहाला नवऱ्याकडची दोन बसभर माणसं हळद घेऊन आली. वाजंत्री, फटाके, नाच. मग पंगत बसली. पहिल्या पंगतीत मध्यभागी नवऱ्याचे आजोबा, पांढरी टोपी, मिशा, ट्रकच्या धंद्याचे मूळपुरुष. त्यांच्या पानात चार गोळे, वाटीत सार. सगळ्या पाहुण्यांनी आजोबांकडे बघितलं, कारण ते हात लावल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं. नवरी हळदीने माखलेली, उंबऱ्यातून बघत होती.

आजोबांनी एक गोळा उचलला, खाल्ला. हळूहळू खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मान वर केली.

"याही, चव बरी हाय. पन कांदा-लिंबू न्हाय काय?"

मी आणि दातांचे डॉक्टर समोरासमोर बसलो होतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हा आठ खुर्च्यांतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आता बिस्किटांचा डबा निघणार. नवरीने डोळे मिटून घेतले.

दादा वळले आणि कुंपण ओलांडून आमच्या घरात शिरले. मी मागोमाग धावलो. माझी बायको पडवीत तबक भरत होती.

"वहिनी," ते म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला वहिनी म्हटलं. त्याआधी ती बायच होती. "कांदा हाय काय? माझ्या घरात एक न्हाय."

बायकोने तबक खाली ठेवलं. वर तुळईला पांढऱ्या कांद्यांच्या नव्या माळा टांगलेल्या होत्या, त्याच आठवड्यात घेतलेल्या. तिने वर बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. सहा वर्षं तिने वाट बघितली होती.

"किती माळा देऊ?" ती म्हणाली.

"सगल्या."

मांडवात त्यांनी आपली लांब सुरी आणवली आणि स्वतः कांदा कापला. मासा कापायचे तसा, आरपार दिसेल इतका पातळ. वर आमच्याच झाडाचं लिंबू. पहिली ताटली त्यांनी आजोबांपुढे दोन्ही हातांनी ठेवलं. आजोबांनी कांदा घेतला, गोळ्यावर लिंबू पिळलं, तोंड भरून खाल्लं.

"आता झाला जेवन!" ते गरजले. "वाढा अजून! आन आमच्या सुनबाईला कोन तरी भरवा, उपाशी हाय पोर!"

सुनबाई. मांजराची पोर नव्हे. पंगतीत आवाज फुटला, पानं भरली, माणसं दुसऱ्यांदा मागायला लागली. नवरी उंबऱ्यातून धावत आली आणि सगळ्यांदेखत बापाला मिठी मारली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे दोन हात उमटले, ते त्याने लग्नाच्या दिवसापर्यंत धुऊ दिले नाहीत. रात्री ताटं उचलली तेव्हा मी सवयीने मोजलं. उरलेले गोळे: सात.

पुढच्या वर्षी माझ्या कामामुळे आम्ही पनवेलला आलो. इथे मोठी जपानी हॉटेलं आहेत, कार्डावर फोटो छापलेले, कांदा मागितला तर हसून आणून देतात. आम्ही दोनदा गेलो. तिसऱ्यांदा जावंसं वाटलं नाही.

पण शेवटचा व्यवहार सांगायचा राहिला. लग्नानंतर दोन दिवसांनी दादा आमच्या पडवीत आले, हातात तो पत्र्याचा डबा. बायकोसमोर त्यांनी पन्नासची नोट ठेवली, वर एक रुपयाचं नाणं.

"हे कशाचे?" ती म्हणाली.

"तुझा दंड परत. आन माळांचे किती झाले ते सांग."

रक्कम एक्कावन्न रुपये. देणारे ते, घेणारी माझी बायको. तिने नोट आणि नाणं मोजून पर्समध्ये ठेवलं. कांद्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.